डोळा दुखत नाही, मग सूज कसली?

वाचकांचे प्रश्न

कोपरगावच्या एका वाचकांचे लांबलचक पत्र आले आहे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेताहेत. चष्म्याचा नंबर बदलला असेल या समजुतीने ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि डोळ्यात इंजेक्शन घेण्याचा सल्ला घेऊन परतले. पत्रात त्यांनी इतके मुद्द्याचे प्रश्न विचारले आहेत की या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात, पडद्याला सूज आहे. पण माझा डोळा लाल नाही, दुखत नाही, पाणीही येत नाही. मग ही सूज कसली?

गुडघा सुजला की चार गोष्टी एकदम कळतात. तो लाल होतो, गरम लागतो, फुगतो आणि ठणकतो. डोळ्याच्या पडद्याबाबत यातले काहीच तुम्हाला जाणवणार नाही. हा पडदा डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागलेला असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, आणि वेदनेची जाणीव नेणारे तंतू त्यात नसतात. तो फुगला, त्यात रक्त सांडले, तरी ‘दुखतंय’ असा निरोप मेंदूकडे जातच नाही. आरशात दिसणारी लाली ही डोळ्याच्या पुढच्या पांढऱ्या भागातल्या वाहिन्यांची असते. मागे काय चालले आहे, याचा त्या लालीवरून पत्ता लागत नाही.

डॉक्टर ज्याला सूज म्हणाले, ते पडद्याच्या मध्यभागी साचलेले पाणी आहे. या मध्यभागाला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे त्याच्यावर चालतात. तुमच्याकडे ओसीटी तपासणीचा कागद असेल तर तो समोर घ्या. त्यावर पडद्याचा उभा छेद थराथरांत दिसतो. निरोगी डोळ्यात या छेदाच्या मधोमध एक सुबक खळगा असतो आणि तिथली जाडी साधारण २५० मायक्रॉन भरते. पाणी साचलेल्या डोळ्यात खळग्याच्या जागी उंचवटा दिसतो, त्याच्या पोटात काळ्या पोकळ्या असतात आणि जाडीचा आकडा ३५०, ४००, कधी ५०० च्याही पुढे जातो. काही कागदांवर बारीक, चकाकते पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात. त्यातले काही ठिपके म्हणजे चेतलेल्या संरक्षक पेशी असाव्यात, असे संशोधकांना वाटते. तसे असेल तर आज आपण ज्या दाहाबद्दल बोलणार आहोत, त्याची खूण तुमच्या कागदावरच उमटलेली आहे.

पाणी आणि दाह यांचे नाते कोपरगावकरांना समजायला अवघड जाऊ नये. नांदूर मधमेश्वरहून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी तुमचा भाग भिजवला, पण कालवा जिथे पाझरत राहतो तिथली जमीन चिबडते आणि पीक उभ्या-उभ्या पिवळे पडते. अशा रानातून पाणी उपसून भागत नाही, कालव्याचे अस्तर कुठे आणि कशाने गेले ते पाहावे लागते. तुमच्या पडद्यात साचलेले पाणीही रक्तवाहिन्यांमधूनच पाझरलेले आहे. वाहिनीचे अस्तर कमकुवत करणाऱ्या कारणांत दाह हे एक मोठे कारण आहे.

प्रश्न : साखर रक्तात वाढते. त्यातून डोळ्यात दाह कसा होतो? जंतू तर नाहीत.

जंतूंशिवायही दाह होतो. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला इजा झाल्याची खूण पुरते, मग ती इजा जंतूंनी केलेली असो वा साखरेने.

पडद्याच्या केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूने पेशींचे एकेरी अस्तर असते आणि बाहेरून त्यांना आधार देणाऱ्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या आधाराच्या पेशी मरू लागतात. साखर प्रथिनांना चिकटून त्यांची रचना बिघडवते आणि अशी बिघडलेली प्रथिने अस्तराच्या पेशींना सतत डिवचत राहतात. पडद्यातच राहणाऱ्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी त्यामुळे चेततात. त्या आणि त्यांच्या शेजारच्या म्युलर पेशी इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा असे धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. मधुमेहींच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवाची तपासणी केली तेव्हा यातले अनेक संदेश नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात आढळले.

हे संदेश मिळाले की वाहिनीचे अस्तर आतून चिकट होते. आयकॅम-१ नावाचे रेणू पृष्ठभागावर येतात आणि रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतात. पडद्यातली केशवाहिनी पाच-सात मायक्रॉन रुंदीची, म्हणजे तांबडी पेशीही तिच्यातून दुमडूनच जाते. पांढरी पेशी तर आकाराने मोठी आणि कडकही. ती एकदा चिकटली की तिच्यापुढचा रक्तपुरवठा अडतो. काही वाहिन्या कायमच्या बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही, तो प्राणवायूसाठी व्हीईजीएफ नावाचा रेणू सोडून हाका मारू लागतो. बोस्टनच्या संशोधकांनी १९९४ मध्ये हा रेणू मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात मोजून दाखवला. तो दोन उपद्रव करतो. जुन्या वाहिन्यांचे सांधे सैल करून त्यांना पाझरायला लावतो आणि ठिसूळ नव्या वाहिन्या वाढवतो. याच नव्या वाहिन्या पुढे फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरते. त्यात भर म्हणजे हाच रेणू अस्तराचा चिकटपणाही वाढवतो, म्हणजे दाहातून व्हीईजीएफ आणि व्हीईजीएफमधून पुन्हा दाह.

या साखळीत पांढऱ्या पेशींचा खरोखर किती हात आहे, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात चिकटवणारे रेणू तयार करणारी जनुकेच नव्हती. त्यांना मधुमेह झाला, साखरही चढली, पण वाहिन्यांची हानी इतर मधुमेही उंदरांपेक्षा कमी झाली. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मधुमेही डोळ्याच्या आजारात दाहाचा वाटा मध्यवर्ती आहे, हे म्हणणे त्यानंतर जोराने मांडले जाऊ लागले. तरी एक ध्यानात ठेवायला हवे : सुरुवात साखरेनेच होते. दाह हा त्या साखरेने कामाला लावलेला हस्तक आहे.

प्रश्न : गुडघा सुजला की आम्ही मेडिकलमधून सुजेची गोळी आणतो. या सुजेवर तशी गोळी का नाही?

हाच प्रश्न जगातल्या डॉक्टरांनाही पडला होता आणि तो साठ वर्षे जुना आहे. १९६४ मध्ये पॉवेल आणि फील्ड या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. मधुमेहाबरोबर संधिवातही असलेल्या आणि त्यासाठी ॲस्पिरिनच्या जातीची औषधे घेणाऱ्या रुग्णांमध्ये पडद्याचा आजार अपेक्षेपेक्षा कमी दिसत होता. सांध्यांसाठी घेतलेली गोळी डोळ्यालाही वाचवत असावी, अशी शंका तिथून सुरू झाली.

पुढे अमेरिकेत मोठी चाचणी झाली. साडेतीन हजारांहून जास्त मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी दिली गेली. १९९१ मध्ये निकाल आला तो निराशेचा. ॲस्पिरिनने पडद्याचा आजार थांबला नाही. जमेची बाजू एवढीच की ॲस्पिरिनमुळे डोळ्यातला रक्तस्रावही वाढला नाही. म्हणून हृदयासाठी तुम्हाला छोटी ॲस्पिरिन चालू असेल तर डोळ्याच्या भीतीने ती आपल्या मनाने बंद करू नका.

गंमत अशी की दहा वर्षांनी मधुमेही कुत्र्यांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगात ॲस्पिरिनने केशवाहिन्यांची झीज कमी केली. पण त्या कुत्र्यांना वजनाच्या हिशेबाने बराच मोठा डोस दिलेला होता आणि आजार सुरू होण्याच्या आधीपासून दिलेला होता. तेवढा डोस माणसाला वर्षानुवर्षे दिला तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका डोळ्याच्या फायद्याहून मोठा ठरेल. गोळीऐवजी थेंब वापरून पाहिले, तेही जमले नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिला जाणारा नेपाफेनॅक हा दाहविरोधी थेंब मॅक्युलाच्या मध्याबाहेर साचलेल्या पाण्यावर वर्षभर वापरून पाहिला गेला. २०१५ च्या निष्कर्षानुसार पडद्याच्या जाडीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. थेंब डोळ्याच्या पुढच्या भागात पोहोचतो, पण मागच्या पडद्यापर्यंत जाता जाता त्याची मात्रा क्षीण होते.

आता मेडिकलमधून आणलेल्या गोळीबद्दल. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मधुमेही माणसाने सतत घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मूत्रपिंड बिघडले की शरीरात पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पडद्यातली सूज उलट वाढते. ‘ताकदीची’ म्हणून कुठून तरी मिळालेली स्टिरॉइडची गोळी त्याहून वाईट, कारण ती रक्तातली साखरच भडकवते. गुडघा खरोखरच दुखत असेल तर कोणती गोळी आणि किती दिवस, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा आणि त्याआधी क्रिएटिनिन व लघवीतले प्रथिन तपासून घ्या.

प्रश्न : डोळ्यात सुई टोचायची म्हटल्यावर अंगावर काटा आला. इंजेक्शनात नक्की काय असते आणि ते किती वेळा घ्यावे लागते?

भीती वाटणे साहजिक आहे, म्हणून आधी काय होते ते पाहू. शस्त्रक्रियेच्या खोलीत झोपवून डोळा बधिर करणारे थेंब टाकतात. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन-आयोडिनने स्वच्छ करतात, पापण्यांना एक छोटी चाप लावतात. सुई केसासारखी बारीक असते. ती बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे पांढऱ्या भागातून जाते, कारण तिथे पडदाही नसतो आणि नैसर्गिक भिंगही नसते. आत जाते ते औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाएवढे. टोचणे काही सेकंदांत संपते. बहुतेकांना दाब जाणवतो, कळ येत नाही. पुढचे एक-दोन दिवस डोळा खुपतो, क्वचित डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात.

औषधे दोन घराण्यांतली. पहिले घराणे व्हीईजीएफला अडवणाऱ्या औषधांचे : बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट. बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आले. डोळ्यात ते अल्प मात्रेत वापरतात, म्हणून स्वस्त पडते. रॅनिबिझुमॅबचे भारतीय कंपनीने बनवलेले समरूप औषध २०१५ पासून आपल्याकडे मिळते. त्याच वर्षी या तिन्ही औषधांची तुलना करणारी अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. नजर थोडीच कमी झालेल्यांमध्ये तिन्हींचा परिणाम सारखाच दिसला, तर नजर बरीच उतरलेल्यांमध्ये पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. म्हणून ‘स्वस्तातले का दिले’ किंवा ‘महागातले का दिले’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. दोन्हींना सयुक्तिक उत्तर असू शकते.

दुसरे घराणे स्टिरॉइडचे, आणि तुमच्या गोळीच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे मिळते. स्टिरॉइड व्हीईजीएफलाही आवर घालते आणि दाहाच्या इतर अनेक संदेशांनाही. गोळीच्या रूपात ते साखर भडकवते, म्हणून ते डोळ्याच्या आतच ठेवण्याची युक्ती निघाली. डेक्सामेथासोनची ०.७ मिलिग्रॅमची एक बारीक कांडी इंजेक्शनने डोळ्यात सोडतात. ती काही महिने हळूहळू विरघळत औषध देत राहते. म्हणजे सुजेवरचे औषध आहे, फक्त त्याला पोटातून जाऊ न देता थेट जागेवर पोहोचवावे लागते.

मग पहिल्याच वेळी ते का देत नाहीत? कारण स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. ज्यांना काचबिंदू आहे, त्यांच्याबाबतीत डॉक्टर म्हणूनच जपून असतात. उलट ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्यांना मोतीबिंदूची भीती उरत नाही. अमेरिकेतल्या २०१० च्या एका मोठ्या चाचणीत अशा डोळ्यांमध्ये स्टिरॉइड आणि रॅनिबिझुमॅब यांचा निकाल जवळपास बरोबरीचा निघाला. व्हीईजीएफ अडवणारी इंजेक्शने अनेक वेळा देऊनही पाणी ओसरत नाही अशा रुग्णांमध्ये दाहाचा वाटा मोठा असावा, असे नेत्रतज्ज्ञांचे अनुमान आहे. तिथे स्टिरॉइडकडे वळतात.

किती वेळा, याला एकच आकडा नाही. सुरुवातीला बहुधा महिन्याच्या अंतराने काही इंजेक्शने होतात, मग ओसीटी पाहून अंतर वाढवतात. पहिल्या इंजेक्शननंतर बरे वाटले म्हणून पुढचे टाळणे हा सगळ्यात महाग पडणारा हिशेब आहे. आणि एक उलटा नियम लक्षात असू द्या. एरवी पडद्याचा आजार दुखत नाही, पण इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा ठणकू लागला, लाल झाला किंवा नजर एकदम उतरली तर ती जंतुसंसर्गाची खूण असू शकते. हे क्वचित घडते. घडलेच तर रात्र काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : हळद दाह कमी करते म्हणतात. रोज हळदीचे दूध घेतले तर? आणि रक्तातली सीआरपी तपासून डोळ्याचा दाह कळेल का?

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने पुरावे मांडून ते १९९७ मध्ये रद्द करवले. त्यामुळे हळदीचा मोठेपणा कुणी नाकारत नाही. पण त्वचेवरची जखम आणि डोळ्याच्या आतली केशवाहिनी यांत मोठे अंतर आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने मधुमेही उंदरांच्या पडद्यातला दाह कमी झाल्याचे प्रयोग आहेत. माणसात मात्र पोटात गेलेल्या कर्क्युमिनचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो, आणि त्याने मॅक्युलातले पाणी ओसरल्याचा भरवशाचा पुरावा नाही. भाजीत, वरणात हळद असू द्या. दूध प्यायचे तर बिनसाखरेचे प्या. इंजेक्शनच्या तारखेला पर्याय म्हणून ते पिऊ नका.

सीआरपीबद्दल : ती सगळ्या शरीरातला दाह मोजते. दाढ सुजली, सर्दी-ताप आला, तरी ती चढते. डोळ्यातला दाह मुख्यतः डोळ्यापुरता असतो आणि पडदा तर अगदी एवढासा अवयव. सीआरपी नॉर्मल आली म्हणून पडदा ठीक आहे असे समजणे धोक्याचे. पडदा बघूनच पडद्याचे कळते.

प्रश्न : आता मी साखर आटोक्यात आणली आहे. मग दाह आपोआप थांबेल ना?

थांबण्याच्या दिशेने जाईल, पण लगेच नाही. कुत्र्यांवरच्याच एका जुन्या प्रयोगात अडीच वर्षे साखर वाढलेली ठेवून पुढची अडीच वर्षे ती काटेकोर सांभाळली गेली. तरीही पडद्याचा आजार पुढे सरकतच राहिला. मागच्या साखरेची आठवण पेशींमध्ये राहते, असे शास्त्रज्ञ म्हणतात. चेतलेली दाहयंत्रणा साखर उतरल्यावरही काही काळ धुमसत राहणे, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

म्हणून हात टेकायचे असे मात्र नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरच्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवले की साखर काटेकोर ठेवल्यास पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो आणि आधीच असलेला आजार वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी. ब्रिटनमधल्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींच्या अभ्यासात रक्तदाब घट्ट आवळल्याने आजाराची वाढ सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. म्हणजे रक्तदाबाची गोळी ही डोळ्याचीही गोळी आहे.

एक सावधगिरी. अनेक वर्षे चढलेली साखर अचानक वेगाने उतरवली तर सुरुवातीचे काही महिने पडद्याचा आजार थोडा बिघडू शकतो. पुढे तो सावरतो आणि फायदाच होतो, पण इन्सुलिन किंवा नवे जोरकस औषध सुरू करण्याआधी डोळे दाखवून घेतलेले बरे.

आणखी एक औषध सध्या चर्चेत आहे. चरबी कमी करण्यासाठी पूर्वीपासून वापरात असलेली फेनोफायब्रेट ही गोळी दाहही थोडा शमवते. स्कॉटलंडमध्ये १,१५१ मधुमेहींवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. ज्यांचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात होता, त्यांच्यात तो बळावण्याचा किंवा उपचारांची गरज लागण्याचा धोका या गोळीने २७ टक्क्यांनी कमी झाला. तुमच्या डोळ्यात पाणी आधीच साचले आहे, त्यामुळे ती इंजेक्शनची जागा घेणार नाही. दुसऱ्या डोळ्यासाठी तिचा उपयोग आहे का, हे मूत्रपिंडाची तपासणी बघून डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : माझा मुलगा चाळिशीला आला आहे. अंगाने सडपातळ आहे, म्हणून तपासणी टाळतो. त्याचे बरोबर आहे का?

सडपातळपणावर फार विसंबू नये, हे जगाला पुण्यातूनच कळले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबी, हा आपल्याकडचा बांधा. ही चरबी, विशेषतः पोटाभोवतीची, गप्प बसत नाही. डोळ्याच्या संदर्भात वर ज्यांची नावे घेतली ते इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचे संदेश तीही सोडते. याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या खेड्यांतले, झोपडपट्ट्यांतले आणि शहरी मध्यमवर्गातले सुमारे ४४० पुरुष तपासले. खेड्यातून शहराकडे येताना चरबी, रक्तातल्या दाहाच्या खुणा आणि साखर यांचे प्रमाण चढत गेलेले दिसले.

तेव्हा मुलाला काट्यावर उभे करून निष्कर्ष काढू नका. पोटाचा घेर मोजा आणि त्याची उपाशीपोटीची व तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. वडिलांना मधुमेह असताना एवढे कारण पुरेसे आहे. साखर निघालीच तर पडद्याची पहिली तपासणी लगेच व्हायला हवी. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह बरेचदा निदानाच्या कैक वर्षे आधीच सुरू झालेला असतो, म्हणून पाच-सहा वर्षे वाट पाहण्यात अर्थ नसतो. पुढे दरवर्षी एकदा, नजर चांगली असली तरी. देशातल्या दहा राज्यांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा होत्या आणि ४ टक्क्यांची दृष्टी धोक्यात होती. यांतल्या अनेकांना स्वतःहून काहीच जाणवत नसते.

तपासणी सोपी आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकून पडदा पाहतात किंवा विशेष कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढतात. आता हातात धरायचे, मोबाइलवर चालणारे कॅमेरेही आले आहेत. त्यातला फोटो संगणकच वाचून ‘पुढे पाठवा’ असे सांगतो. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत घेतलेल्या अशा चाचणीचा निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो उत्साह वाढवणारा होता. तुमच्या भागातल्या शिबिरात असा कॅमेरा येत असेल तर संधी दवडू नका. पुढच्या उपचारांसाठी लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरही हाताशी आहेत. थेंब टाकल्यावर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवा, एसटीने जा किंवा कुणाला तरी बरोबर न्या.

आता तुमचे स्वतःचे. इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : माझ्या मॅक्युलाची जाडी आज किती आहे, दुसऱ्या डोळ्यात काय दिसते आणि पुढची ओसीटी कोणत्या तारखेला. सोबत तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट न्या, कारण यांतले एक जरी बिघडलेले असेल तरी पाणी ओसरायला वेळ लागतो. तारीख ठरली असेल तर ती गळीत हंगाम, लग्नसराई किंवा पाऊस यांच्यासाठी पुढे ढकलू नका. आणि त्याच खेपेला मुलाला बरोबर न्या. गाडी चालवायला माणूस मिळेल आणि त्याचीही साखर तपासून होईल.